ढगाची चोळीबांगडी

'हक्कसोड' हा शब्द फार सोज्वळ आहे. कोणी आपण होऊन, उदार मनाने हक्क सोडत आहे, असा त्याचा डौल. तो सोडवून घेतला जात आहे, याची पुसटशी खूणही त्यात नाही. सत्यवतीने वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, रोडपालीजवळच्या जमिनीवरचा हक्क सोडला, तेव्हा तिला कोणी दम दिला नव्हता. थोरला भाऊ धनेश रिक्षा घेऊन आला, पनवेलच्या निबंधक कार्यालयात तिने वळणदार सही केली, आणि परतताना बाजारात त्याने तिला चोळीचा खण व हिरव्या बांगड्या घेऊन दिल्या. बहिणीला चोळीबांगडी दिली की तिचा वाटा पोचला, अशी रीत. त्या जमिनीवर पुढे धनेशच्या इमारती उभ्या राहिल्या. बांगड्या सत्यवतीने भरल्या नाहीत. फुटू नयेत म्हणून जुन्या साडीत गुंडाळून ठेवल्या. राग टिकवायचा, तर त्याचे काहीतरी हाताशी असावे लागते.

इमारतींनंतर धनेशने बसगाड्या घेतल्या. तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार पाळीनुसार घरून नेणे आणि परत सोडणे, हा धंदा. संगणक शिकलेली सत्यवती त्याच्या गाळ्यात बसू लागली. कोणाची पाळी केव्हा, कोण कुठे चढणार, कोणती बस कोणत्या नाक्यावर थांबणार, हे सारे जुळवणारा प्रोग्राम तिने लिहिला. कारखान्यांतले अधिकारी आपल्या कचेरीतून तिने केलेले वेबपान उघडत, कामगारांची नावे भरत, आणि चालकांच्या मोबाइलवर फेरी येई. प्रोग्राम मात्र गाळ्यातल्या एका संगणकात होता. दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली, संगणक बंद पडला, आणि सुटलेली पाळी कारखान्यांच्या दारात ताटकळत राहिली. दुसऱ्या दिवशी सत्यवती म्हणाली, "दादा, आपण हे क्लाउडवर ठेवू."

"म्हनजे?"

"ढगावर."

धनेशने खिडकीतून आभाळाकडे पाहिले. "आनि पाऊस पडला की सगला धंदा गटारात?"

गाळ्यातली माणसे हसली. सत्यवती हसू ओसरेपर्यंत थांबली.

"आबा खाडीकाठी मिठागर खंडाने घ्यायचे, आठवतं? तसंच हे. दुसऱ्याचे मोठमोठे संगणक दूर कुठेतरी चालू असतात. आपण ते इंटरनेटवरून वापरायचे आणि वापरू तेवढाच खंड द्यायचा. त्यात तीन प्रकार. पहिल्यात नुसती खाडीची जमीन मिळते. बांध घाला, वाफे करा, पाणी घ्या, सगळं तुमचं तुम्ही. त्याला इन्फ्रास्ट्रक्चर म्हणतात. दुसऱ्यात बांधबंदिस्ती केलेलं मिठागर मिळतं. आपण फक्त मीठ पिकवायचं. तो प्लॅटफॉर्म. तिसऱ्यात मीठच गोणीत भरून दारात येतं. ते सॉफ्टवेअर. आपण दुसरं घ्यायचं, म्हणजे प्रोग्राम तेवढा आपला. आणि कारखान्यांना तिसरं द्यायचं."

"मग आमच्या या संगनकात काय राहील?"

"काही नाही. तो फक्त बघायची खिडकी. खातं उघडायला तुझा ईमेल आणि कार्ड लागेल."

"माजं कार्ड इंटरनेटवर? तुज्या नावावर कर. त्याला काय सातबारा लागतो?"

"सातबारा नाही लागत."

"मग झालं. ज्याला सातबारा नाय, ते कोनाच्या का नावावर असंना."

त्याच आठवड्यात खाते सत्यवतीच्या नावावर उघडले आणि प्रोग्राम ढगावर गेला. तिने धनेशला फसवले, असे पुढे अनेकांनी म्हटले. हा आरोप तपासून पाहिला तर टिकत नाही. फसवणुकीला सत्य लपवावे लागते. तिने ते उदाहरणासह, चारचौघांत, मायबोलीत सांगितले होते. ऐकणाऱ्याला जमिनीपलीकडची मालमत्ता ओळखता येत नव्हती, हा सांगणारीचा दोष नव्हे. मात्र तिने ते दुसऱ्यांदा सांगितले नाही, हेही खरे. आणि का सांगितले नाही, हे त्या गुंडाळलेल्या बांगड्यांना ठाऊक होते.

पुढच्या वर्षी धनेशच्या मुलीचे, अंकिताचे लग्न झाले. जावई शिवाला कुठेतरी बसवायचे होते, आणि गाळ्यात खुर्ची होती. गावातले वडीलधारे चुलते गणूकाका यांना बोलावून धनेशने रीतसर वाटणी मांडली.

"गाला माजा, गाड्या माज्या, संगनक माजे. शिवा बसंल इथं. तू खूप केलंस, आता घरी आराम कर. जाताना काय पायजे ते बोल."

"क्लाउडवर जे आहे, ते."

धनेश आधी हसला, मग शिवा. "घे. चोलीबांगडी समज. या खेपेला ढगाची."

"काका, ऐकलंत?"

"ऐकलं," गणूकाका म्हणाले. "ढग सत्यवतीचा. पोरी, येखादा संगनक तरी मागून घे."

"नको, काका. चोळीबांगडी मिळाल्यावर वर काही मागायचं नसतं."

ती त्याच संध्याकाळी मुबारककडे गेली. पनवेलच्या बाजारात त्याचे वाहतुकीचे दुकान होते. तळोज्यातून त्याच्या गाड्या धनेशनेच हुसकावल्या होत्या. तिने सारे सांगितले. मुबारकने विचारले, "ताई, मग धनेशशेठच्या गाड्या?"

"उभ्या राहतील."

"इन्शाअल्ला," तो इतक्या गांभीर्याने म्हणाला, की बऱ्याच दिवसांनी तिला मोकळे हसू आले.

मग ती तळोज्यात कारखान्याकारखान्यात जाऊन आली. सेवा आता माझी, गाड्या मुबारकच्या, बाकी सारे पूर्वीसारखेच, एवढेच तिने सांगितले. अधिकाऱ्यांनी ना गाळा पाहिला होता, ना धनेशला. त्यांना फक्त ते वेबपान ठाऊक होते, आणि ते रोज उघडत होते.

सोमवारी शिवा खुर्चीत बसला. पडद्यावर 'प्रवेश नाही' असे आले. त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. वायर बदलली. शेवटी त्याने संगणकाची मागची बाजू उघडून आत डोकावून पाहिले, आणि धंदा तिथे नव्हता. बाहेर बसगाड्या रांगेने उभ्या होत्या. त्यांच्या चालकांच्या मोबाइलवर एकही फेरी आली नाही.

आठवडा सरायच्या आत धनेश गणूकाकांना घेऊन तिच्या घरी आला. सत्यवतीने दार उघडले, तेव्हा तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या.

"ही चोरी हाय," तो म्हणाला.

"दिलेल्या वस्तूची?"

"मला काय म्हाईत, ढगात सगला धंदा हाय म्हनून."

"मी मिठागराचं सांगत होते, तेव्हा तू सातबाऱ्याचं विचारत होतास."

त्याने काकांकडे पाहिले. काका जमिनीकडे पाहत होते. "तू बोललास, धनेश," ते म्हणाले. "मी ऐकलंय."

"मग गाड्या काय गंजत ठेवू?"

"तिसऱ्या प्रकारचं देते. वापरायला मिळेल, तुझं होणार नाही. मुबारकला देऊन उरतील त्या फेऱ्या तुझ्या."

"सख्ख्या भावाला उरलेलं?"

"सख्ख्या बहिणीला खण मिळाला होता, दादा." तिने आतून एक पुडके आणले. त्यात नवा टॉवेल आणि पांढरी टोपी होती. "काकांसमोर बोल, प्रोग्रामवर तुझा हक्क नाही."

धनेश पुटपुटत का होईना, बोलला. सत्यवतीने टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, टोपी हातात दिली आणि रीतीप्रमाणे चहा ठेवला. अशा क्षणी मन रिते होते, पश्चात्ताप दाटतो, असे लिहिण्याची पद्धत आहे. तिला तसे काहीही झाले नाही. चहा तिला नेहमीपेक्षा गोड लागला.

दुसऱ्या सकाळी शिवाचा फोन आला. "आत्या, नाव दिसतंय. पासवर्ड काय?"

"दादाला विचार. त्याला पाठ आहे. आबांच्या जमिनीचा सर्व्हे नंबर."

पलीकडे शिवाने सासऱ्यांना हाक मारली. मग कळा दाबल्याचा आवाज आला. एकेक आकडा, सावकाश. शेवटी फोनवर धनेश होता.

"आनि हा बदलायचा कुठं?"

"तिथून नाही बदलत, दादा," सत्यवती म्हणाली. "तेवढा हक्क तुला दिलेला नाही."