चार सुरांची खोली

मिरजेतल्या रिसबुडांच्या घरी मधली खोली रोज दुपारी लांब व्हायची. सुमतीबाई दारासमोरच्या टोकाला बसून तबकडी लावायच्या. तिच्यात पियानोचे चार सूर, मग पुन्हा तेच चार. दर फेरीला समोरची भिंत वीतभर मागे सरकायची आणि सुमतीबाई खुर्चीसकट तिच्याबरोबर. तबकडी संपली तरी भिंत परत येत नसे. मिरजेतल्या भिंती हट्टीच.

नवरा, बापूसाहेब, दाराशी पेपर घेऊन बसलेला. गाण्याच्या बैठकीत यांची जागा पहिल्या रांगेत. यांचा "वा!" आला की गवई खुलायचा आणि तीच तान परत घ्यायचा. या चार सुरांत मेलं "वा" म्हणायचं कुठं?

"अगं, सुई अडकलीय. उचल तिला."

"अडकली नाही हो. तिसरा सूर ऐका, आज जरा हळवा लागलाय. इथं येऊन बसा, मग कळेल."

"येतो. एवढा अग्रलेख होऊ दे."

अग्रलेख काही संपला नाही. पुढंपुढं बाईंनी आणलेला चहा दारापर्यंत येईतो गार होऊ लागला. मग चहा येईना. मग त्यांचा आवाजही पोचेना. सूर तेवढे पोचत.

एकदा पेपरातली गंमत वाचून दाखवायला बापूसाहेबांनी मान वर केली, तर बायको काडेपेटीएवढी. ते उठले आणि चालत सुटले. भिंत वीतभर सरकायची, पाऊल त्याहून मोठं पडायचं. अंतर तुटत होतं. वाटेत ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं. आणि तिसरा सूर लागला. तोच, पण तसाच नाही; दमून आलेल्या माणसानं उंबऱ्याशी वहाणा काढाव्यात तसा. इतकी वर्षं हा इथंच होता!

सुमतीबाईंच्या मानेवरचा तीळ दिसू लागला. आता हात लांबवायचा, की खांदा हाताशी.

"वा!" बापूसाहेबांच्या तोंडून गेलं.

तबकडीतला पियानोवाला क्षणभर थांबला. असली दाद त्याला जन्मात मिळाली नव्हती. त्यानं सगळं पहिल्यापासून घेतलं, सगळ्या दुपारींचं, एका दमात.

खोली सरसर लांबली. सुमतीबाईंनी वळून पाहिलं. ओठ हलले, ते "आलात?" असावं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, पदरानं पुसली आणि दुसरं कुणी बसू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला. हात तसाच ठेवून त्या भिंतीबरोबर मागे मागे जात राहिल्या.