उष्टी चारोळी

वैशाख पेटला होता. पळसाची आग विझलेली, मोहाची गळ सरलेली. आणि त्या करपल्या, कोरड्या, तांबड्या अरण्यात चाराचं, चारोळीचं, एक झाड तेवढं फळांनी ओथंबलेलं. अर्धी फळं हिरवी, अर्धी जांभळी.

झाडावर पोरं होती. पोरांच्या ओठांवर जांभळा रस होता. गर चोखायचा, बी खालच्या टोपलीत थुंकायची, ही या पाड्याची जुनी रीत. रानाचा गोडवा लेकरांचा; बी बाजाराची. मग म्हातारी जैवंता त्या बिया धुई, उन्हात वाळवी, जात्यावर भरडी. आणि कठीण कवचाच्या गर्भातून निघे शुभ्र, स्निग्ध, मोत्यासारखी चारोळी.

यंदा चारोळी विकत घेणारा शेठ स्वतः आला. त्याने टोपली पाहिली, वर झाडात पाहिलं, आणि नाकाला रुमाल लावला. शहरातल्या गिऱ्हाइकाला उष्टं चालत नाही, म्हणाला. फांद्याच उतरवा. हिरवी फळंही चालतील. हौदात कुजवली की गर आपोआप सुटतो. पिकायची वाट कशाला पाहता?

जैवंताचा लेक मनकू निमूटपणे कुऱ्हाड घेऊन आला.

तेव्हा जैवंता उठली. वणव्यासारखी, वाळल्या पानांतून सरसरत जाणाऱ्या जाळासारखी. ती फांदीखाली जाऊन उभी राहिली.

"शेठ, तुमच्या श्रीखंडाचं दूध वासरानं आधी चाटलेलं राहते. ते कसं चालते?"

शेठ हसला. म्हणाला, म्हातारीची जीभ मोठी तिखट.

"तिखट नाई, उपाशी हाय," ती म्हणाली. मग लेकाकडे वळली. "घाल घाव. पण आधी पोरायले सांग, उद्या काय चोखाल म्हणून. तुही जीभ बी एकदा जांभळी होती, बापू."

मनकूने वर झाडातल्या पोरांकडे पाहिलं. मग कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून त्याने ती गवतात टाकली.

शेठने वाद घातला नाही. जीप वळली, धूळ उडाली, आणि रिकामी पोती पलीकडच्या पाड्याकडे निघून गेली.

तिसऱ्या प्रहरी टेकडीपलीकडून घाव ऐकू येऊ लागले. एक घाव. पुन्हा एक घाव. मग कडाड मोडणारी फांदी, आणि तिच्यावरून उडालेल्या हरोळ्यांचा, हिरव्या कबुतरांचा थवा. जैवंता ऐकत राहिली. एक झाड तिने राखलं होतं; अरण्य कुणी राखायचं?

चार दिवसांनी वारा फिरला, आणि हौदांत कुजणाऱ्या हिरव्या फळांचा आंबूस दर्प साऱ्या रानावर पसरला.

दूर कुठे एका थंड, उजळ घरात केशरी श्रीखंडाची वाटी भरली जाईल. तिच्यावर चार पांढरे दाणे पडतील, अलगद, स्वच्छ, कुणीही न उष्टावलेले; आणि खाणाऱ्याच्या जिभेला कधीच कळणार नाही, की त्या दाण्याभोवती एक फळ होतं, आणि ते पिकायचं होतं.