लाकडी बसची राहून गेलेली सही

मी एक जुनी लाकडी बस आहे. खरं तर ‘होते’ म्हणायला हवं. माझी चाकं, बाकं, टप सगळं गेलं. कोलंबियातल्या सांता रिता नावाच्या डोंगरी गावाबाहेर, भंगाराच्या आवारात, माझ्या चासीचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, पुढचा तुकडा आणि त्यावर ठोकलेला नंबर एवढंच उरलं आहे. पण बोलायला तेवढं पुरे आहे. मित्रांनो, कौतुक करून घ्यायला मी ही गोष्ट सांगत नाही. माझ्यापायी दोन चांगल्या माणसांमध्ये जे झालं, त्याची रुखरुख लागली आहे, म्हणून सांगते.

माझं इंजिन आगबोटीतून आलं. वरचा सगळा साज मात्र सांता रिताच्या सुताराने चढवला. आमच्याकडे अशा बसला चिवा म्हणतात. तिला दारं-खिडक्या नसतात. आडवी लाकडी बाकं असतात आणि ज्याने त्याने बाजूने चढून बसायचं असतं. माझे पहिले मालक डॉन एव्हारिस्तो. आमच्याकडे ‘डॉन’ म्हणजे तुमच्याकडचं ‘राव’. त्यांनी आपला खेचरांचा तांडा मोडून मला घेतलं. रंगाऱ्याने विचारलं, “मागच्या फळीवर काय काढू?”

“माझी बायको काढ,” डॉन एव्हारिस्तो म्हणाले.

बायको शेजारीच उभी होती. “काढून तर बघा! वर्षभर सगळ्या रस्त्याची धूळ माझ्या तोंडावर? पाऊल ठेवणार नाही मी या गाडीत.”

मग रंगाऱ्याने तांड्यातलं सगळ्यात पुढे चालणारं खेचर काढलं. पांढऱ्या कपाळाचं, कान टवकारलेलं. त्याचं नाव गोलोंद्रिना.

त्या दिवसापासून मी घाट चढू-उतरू लागले. कॉफीची पोती, केळ्यांचे घड, पाय बांधलेल्या कोंबड्या, नवऱ्या मुली, आजारी माणसं, सगळी माझ्यातून गेली. डॉन एव्हारिस्तोंची मुलगी आंपारो तर माझ्या तिसऱ्या बाकावरच जन्मली. दवाखाना अजून दोन वळणं लांब होता. तेव्हा शेजारच्या बाकावर डॉन हेलिओदोरो नावाचे एक शेतकरी बसले होते. त्यांनी अंगावरची लोकरीची घोंगडी काढून बाळाला गुंडाळलं. पुढे बाप्तिस्म्याला तेच तिचे धर्मपिता झाले, आणि बाप आणि धर्मपिता एकमेकांना कोंपाद्रे म्हणू लागले. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या तोडीचं मानतात. त्या नात्याची सुरुवात माझ्या बाकावर झाली, याचा मला फार अभिमान होता.

दर सोळा जुलैला कार्मेनमातेचा सण असे. ती आमच्या गाडीवाल्यांची देवी. त्या दिवशी मला फुलं आणि झिरमिळ्या लावत आणि सगळ्या गाड्यांबरोबर भोंगा वाजवत चर्चपुढे नेत. पाद्रीबाबा मंतरलेलं पाणी शिंपडत. एका वर्षी त्यांनी इंजिनावर इतकं पाणी ओतलं की मी सुरूच होईना. “सैतान गेला म्हणायचा,” डॉन हेलिओदोरो म्हणाले, “जाताना बॅटरीही घेऊन गेला!”

अकरा वर्षांनी डॉन एव्हारिस्तोंची नजर अधू झाली. वळणावरची गाय आणि दगड यांतला फरक त्यांना कळेना. त्यांनी मला कोंपाद्रेंच्या हवाली केलं. आणि मित्रांनो, इथेच ती चूक झाली. तिला तेव्हा कुणी चूक म्हटलं नाही, कारण आमच्याकडे सगळेच तसं करतात. गाडी विकणारा कागदावर सही करतो, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवतो. घेणाऱ्याने सवडीने वाहतूक कचेरीत जायचं आणि गाडी आपल्या नावावर करून घ्यायची.

“कोंपाद्रे, नाव तेवढं लावून घ्या हं,” डॉन एव्हारिस्तो म्हणाले.

“पुढच्याच आठवड्यात जातो. विश्वास नाही होय माझ्यावर?”

“विश्वास नसता तर कोरी सही दिली असती का?”

तो कागद घडी घालून माझ्या टपाखाली, कार्मेनमातेच्या तसबिरीमागे खोचला. पुढचा आठवडा काही उगवला नाही. एकोणीस वर्षं मी डॉन हेलिओदोरोंची म्हणून धावले आणि कचेरीच्या दप्तरात डॉन एव्हारिस्तोंचीच राहिले.

मग घाटात डांबरी रस्ता झाला आणि छोट्या, बंद काचांच्या गाड्या आल्या. लोक म्हणू लागले, “त्या लाकडी खोक्यात कंबर मोडते.” ज्यांच्या आया माझ्यात बसून बाळंतपणाला गेल्या, तीच मंडळी हे म्हणत होती! मी एका झाडाखाली उभी राहिले. ज्या बाकावर आंपारो जन्मली, त्यावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मला राग आला नाही. वाईट मात्र वाटलं.

त्याच सुमारास नवा नियम झाला. जुनी गाडी वाटेल त्याला भंगारात विकता येणार नाही. परवाना असलेल्या आवारातच न्यायची. कागदावर ज्याचं नाव, त्याने स्वतः यायचं. चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यायचा, नंबरप्लेट सरकारजमा करायची, मगच गाडीचं नाव दप्तरातून खोडलं जाणार. लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. “मेलेल्या गाडीचाही आता दाखला काढायचा का?” म्हणाले.

डॉन हेलिओदोरोंना एवढंच करायचं होतं: कोंपाद्रेंच्या घरी जाऊन “माझं नाव लावायचं राहूनच गेलं, सहीला चला” म्हणायचं. दोनदा ते टोपी घालून निघाले आणि फाटकापासून परत आले. एकोणीस वर्षांचा आळस कबूल करायची त्यांना लाज वाटली. तेवढ्यात नेमेसियो नावाचा भंगारवाला आला. “कागद कशाला हवेत, डॉन हेलिओदोरो? लोखंडाला काय नाव असतं?” म्हणाला. त्यांना तेच ऐकायचं होतं. त्यांनी तसबीर आणि तिच्यामागचा कागद काढून घेतला, खेचराची फळी उतरवून घरात नेली आणि मला देऊन टाकलं.

“प्लेटही देताय ना?” नेमेसियोने विचारलं.

“प्लेटचं काय करणार?”

“तीही धातूच की!”

डॉन हेलिओदोरोंनी आपल्या हाताने स्क्रू काढून ती त्याला दिली. मी ओरडले असते, पण भोंगा आधीच निघाला होता.

चार महिन्यांनी एक बाई आवारात शिरली. मागे मान खाली घातलेले डॉन हेलिओदोरो, आणि त्यांच्यामागे वाहतूक कचेरीच्या बाई. पुढची बाई आंपारो होती. तिला मी आवाजावरून ओळखलं. पहिला टाहोच माझ्या बाकावर फोडला होता ना तिने.

“शोधा, धर्मपिताजी, शोधा! माझ्या बापाला दोन दिवस चौकीत बसवलंय. चोरीची कॉफी भरलेला ट्रक सापडलाय, त्यावर आपल्या बसची प्लेट. पळून गेले ते चोर, आणि नाव निघालं माझ्या बापाचं! ज्याला स्वतःच्या ताटातला भात दिसत नाही, तो म्हणे ट्रक पळवतो!”

“मला वाटलं होतं, फक्त लोखंड...”

“तुम्हाला वाटलं!”

नेमेसियोला तर आदल्याच दिवशी पोलिसांनी नेलं होतं. तिघांनी गंजाचे ढीग उपसले. शेवटी कचेरीच्या बाईंनी माझ्या तुकड्यावरची माती पुसली, कागद ठेवला आणि पेन्सिल घासली. एकेक आकडा कागदावर उमटला. त्या प्लेटची खरी गाडी इथे पडली आहे आणि तो ट्रक तोतया आहे, हे सिद्ध झालं. मी इतकी वर्षं माणसं वाहिली, पण कुणाच्या एवढी उपयोगी पडले नव्हते. तरी आनंद झाला नाही. हेच चार महिने आधी का नाही केलं, असं वाटत राहिलं.

मला दप्तरातून खोडायला, चौकीतून सुटल्यावर, डॉन एव्हारिस्तोंनाच यावं लागलं. लेकीच्या आधाराने आले, वाकले आणि माझ्यावरून हात फिरवला. डॉन हेलिओदोरो एका हातात तो पिवळा पडलेला कोरा कागद आणि काखेत खेचराची फळी घेऊन उभे होते.

“कोंपाद्रे, माझं चुकलं. मला माफ करा.”

डॉन एव्हारिस्तोंनी फळी चाचपली. पांढऱ्या कपाळाच्या जागी बोट थांबलं. “हे मला द्या. या खेचराला कागद नव्हते, पण याने मला कधी चौकीत बसवलं नाही.”

मग कचेरीच्या बाईंनी त्यांचं बोट धरून नाव खोडायच्या अर्जावर सहीच्या जागी टेकवलं. त्यांनी सावकाश सही केली. फळी उचलून घेतली आणि निघताना वळून म्हणाले, “येतो, डॉन हेलिओदोरो.”

नुसतं डॉन हेलिओदोरो.

मित्रांनो, आता माझं नाव कुठल्याच दप्तरात नाही आणि कुणाला माझ्यापासून भय नाही. उद्या हा तुकडाही भट्टीत जाईल. तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी उभी असेल. तिला निरोप द्याल तेव्हा नीट द्या. प्लेट आपल्या हाताने जमा करा, नाव खोडून घ्या, आणि त्यासाठी कुणाकडे जाऊन “राहून गेलं हो” म्हणावं लागलं, तर त्याच दिवशी जा. डॉन हेलिओदोरो दर रविवारी इथे येतात, माझ्या तुकड्यावर बसतात आणि टोपी हातात धरून मला विचारतात, “आज जाऊ का गं कोंपाद्रेंकडे?” मग फाटकापर्यंत जातात आणि परत येतात.