उभा राहिलेला दांडा

मी नाक्यावरचा आडवा दांडा बोलतोय. आता आडवा म्हणायचीही सोय उरली नाही. मला कायमचा वर करून तारेनं बांधून टाकलंय.

मुळात मी पाण्याचा पाइप. दोन मुलखांच्या सीमेवर मला बसवलं, एका टोकाला दगडांचं वजन, दुसऱ्याला दोरी. लाल-पांढरा रंग लागला आणि पाइपाचा एकदम साहेब झाला. कागद तपासून होईपर्यंत माझ्यापुढं ट्रकांची ही रांग! ड्रायव्हर शिव्या घालायचे, पण मी त्या कधी मनाला लावून घेतल्या नाहीत.

त्या रांगेच्या जिवावर चहावाल्या वहिनींची टपरी चालायची. नवरा गेल्यावर दोन मुली त्यांनी तिच्यावरच वाढवल्या. ओली फडकी त्या माझ्यावर वाळत घालायच्या. नाकेदार हाक मारायचा, "वहिनी, फडकं काढा, गाडी सोडायचीय."

मग बातमी आली. रस्ता रुंद होणार, दोन्हीकडचा माल मोकळा येणार-जाणार.

"गाड्या दुप्पट होणार, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे गिऱ्हाईकही दुप्पट."

नाकेदारानं मान डोलावली. मलाही ते पटलं. वहिनींनी गळ्यातली साखळी मोडून शेड वाढवली, नवी बाकडी आणली. गाड्या थांबतात त्या माझ्यामुळं, आणि मीच जाणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

रस्ता झाला. गाड्या खरंच दुप्पट झाल्या. भाजी न सडता बाजारात पोचते, पलीकडचं औषध वेळेत अलीकडे येतं. चांगलंच झालं, खोटं कशाला बोलू? पण नाकेदाराची बदली झाली आणि बाकडी रिकामीच राहिली.

परवा दुपारी वहिनी आल्या. तार सोडून, दोरी धरून त्यांनी मला खाली ओढलं. एक ट्रक करकचून थांबला.

"काय झालं, वहिनी? पुन्हा तपासणी सुरू?" ड्रायव्हर जुना, ओळखीचा होता.

वहिनी दोरी धरूनच म्हणाल्या, "नाही... चहा घेता का?"

त्यानं बाकड्यांकडे पाहिलं. "घेतला असता हो. पण उशीर झाला तर पुढची खेप हातची जाते."

वहिनींनी दोरी सोडली. मी वर गेलो. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

आता भंगारवाला मला न्यायला येईल. खुशाल नेऊ दे. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, जरा इकडे बघा. वहिनींनी शेडवर पाटी लावलीय, 'विकणे आहे' म्हणून. ती वाचायला तरी कुणी थांबायला हवं ना?