मुक्या पंगतीतलं मीठ

"यापुढं या भगवंताले वाळीत टाकणारा अजून जन्माले यायचा आहे," असं भगवंतानं परतवाड्याच्या मोटारअड्ड्यावर पानवाल्याला बजावून सांगितलं. पानवाल्यानं ते लगेच मान्य केलं. तेवढ्यात चिखलदऱ्याची मोटार निघून गेली. त्या काळी दिवसाला एकच मोटार घाट चढायची.

भगवंत अंजनगाव सुर्जीच्या भाजीवाल्या माळ्यांचा. जातीच्या पंगतीत मीठ वाढायचं काम लहानपणापासून त्याच्याकडं. अमरावतीला बाप्तिस्मा घेऊन आल्यावर चुलतबहिणीच्या लग्नात तो सवयीनं वाडगा घेऊन उठला. सख्ख्या आत्यानं, माणिकबाईनं, त्यानं वाढलेलं मीठ पानाबाहेर लोटलं. कोणी अवाक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून गाव त्याच्याशी बोलेना. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं सव्याज परत केल्या असत्या. पण मुक्या गावाशी भांडायचं कसं?

मग अकोल्याचा सहदेव भेटला. तिकडच्या ख्रिस्ती पोरांनी नवंच मंडळ काढलं होतं. साहेबलोक उन्हाळा काढून खाली उतरले की चिखलदऱ्याला एक पत्र्याचा बंगला रिकामा मिळायचा. तिथं फादरांसोबत दोन-तीन दिवस राहायचं, प्रार्थना करायची. "येऊन तर पाह्य," सहदेव म्हणाला होता, "सारे आपलेच आहेत."

हे आपले मोटार चुकलेल्या भगवंताला दुसऱ्या दिवशी दुपारच्या पंगतीत भेटले.

"राम राम मंडळी," तो दारातून म्हणाला. वीसेक पोरं खाली माना घालून जेवत होती. एकानंही 'ये' म्हटलं नाही. सहदेवानं हात जोडले, टोकाची जागा दाखवली आणि परत पिठल्यात डोकं घातलं. पुढ्यात भाकरी आली, तीही मुकाट. मिठाचा वाडगा त्याच्याच शेजारी होता आणि त्याला कोणी हात लावेना.

भगवंताच्या अंगाची लाही लाही झाली.

"काहून बाप्पा? इथंबी जात निघाली का?" तो कडाडला. "गावानं टाकलं तवा कुत्रं तरी भुंकत होतं मायावर. तुमी त्याच्याहून गेलेले. अन् फादर, तुमी फ्रान्सातून इतक्या दूर आले, ते हे शिकाले?"

फादरांनी डोळे मिटले. सहदेवानं तळवा पुढं केला. 'निघ' म्हणतो काय लेकाचा?

"निघतोच," भगवंत म्हणाला. "पण मोटार उद्या आहे." आणि मिठाचा वाडगा त्यानं मांडीशी ओढून घेतला. ज्यांना बाटायची भीती, त्यांनी अळणी खावं. त्यांनी खाल्लं. रात्रीही खाल्लं. भगवंताचं भाषण मात्र दोन्ही वेळा चांगलं तिखटमीठ लावून झालं.

सकाळी गाठोडं बांधताना त्यानं पाहिलं, प्रार्थनेला जाताना एका पोरानं दुसऱ्याच्या पायावर पाय दिला. तो कळवळला, यानं हात जोडले, शब्द नाही. भगवंताचा हात गाठीवरच थांबला. वाळीत टाकलेला माणूस एकटा असतो. इथं तर साऱ्यांनी एकमेकांना वाळीत टाकलं होतं, आणि फादरांनी देव सोडून साऱ्यांना.

म्हणजे हे प्रार्थनेचं मौन होतं. त्याचा अर्धा राग उतरला आणि उरलेला दुप्पट झाला. मौन धरण्याआधी दारावर माणूस ठेवायला काय झालं होतं? याचा जाब घ्यायला तो दुपारच्या पंगतीत परत टोकाला बसला.

पानं वाढून झाली आणि फादरांनी घंटा वाजवली. मौन सुटलं. साऱ्या माना भगवंताकडं वळल्या. माफी मागितलीच तर काय सुनवायचं, ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. ते बरंच लांब होतं.

"भगवंता, लेका," सहदेव म्हणाला, "कालपासून अळणी पिठलं खाऊन राहिलो आमी. टोकाशी बसते त्यानं मीठ वाढावं, अशी रीत आहे इथं. तुले सांगावं कसं? हात पसरला, तं तू वाडगाच दडवला."

 भगवंत वाडगा घेऊन उठला. पानापानावर मीठ पडत गेलं. त्यानं प्रत्येक पानाकडं नीट पाहिलं. कोणी लोटलं नाही.

शेवटचं पान फादरांचं. चिमूट सोडून तो वळणार, तेवढ्यात फादरांनी त्याचं मनगट धरलं.

"अजून थोडं दे बापू," ते म्हणाले. "कालचंबी बाकी आहे."