बोक्याचं कुरण

मी एक जुना शिर्डाक आहे. म्हणजे मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा. लाल अंगावर काळी, एडक्याच्या शिंगांची नक्षी शिवलेला. मित्रांनो, मला घडवताना सहा बायकांनी लोकर झोडली, उकळतं पाणी ओतलं आणि कोपरांनी रगड रगड रगडलं. त्यांतली सगळ्यांत धाकटी बुरुलचा. लग्नात ती मला घेऊन नारीन नदीच्या खोऱ्यातल्या या घरी आली.

पुढची चाळीस वर्षं माझी चैन होती. पाहुणे माझ्यावर बसून चहा प्यायले, मुलं रांगली. हिवाळ्यात कोरडा बर्फ पडला की बुरुलचा मला अंगणात पालथा घालून काठीनं बडवायची. चुलीजवळची कड तिच्या नवऱ्याची, जुमाकादिरची. उन्हाळाभर मेंढरं घेऊन डोंगरात असलेला तो परतला की तिथेच बसायचा.

तो वारला, आणि बुरुलचानं कुणालाच मला हात लावू दिला नाही. "त्यांची जागा आहे. झटकायची नाही," म्हणाली. तीन हिवाळे मी जागचा हललो नाही. लोक म्हणायचे, केवढी जपते! मीही फुगलो. त्या कडेवर आता तार्गिल झोपायचा. जुमाकादिरनं कोटाच्या खिशातून आणलेला पट्ट्यापट्ट्यांचा बोका तो.

यंदा तार्गिलला पिसवा झाल्या. जनावरांच्या डॉक्टरनं मानेवर औषधाचे थेंब टाकले. चार दिवस बरे गेले आणि मग तो असा खाजवायला लागला, की शेपटीपाशी केस गेले, कातडं लाल झालं.

"आपा, तुमचं मन मोडवत नाही," मुलगा एसेनबेक आईला म्हणाला, "पण ही खरूज आहे. आमच्या बाळाच्या पायांवरही पुरळ उठलंय. रविवारी बाजाराला जातोय, बोका तिथल्या धान्यवाल्याला देऊन टाकतो."

"रविवारला पाच दिवस आहेत. तोवर कारण शोधते. नाही सापडलं, तर मीच पोत्यात घालून देईन."

"आणि सापडलं तर?"

"तर माझी माफी मागायची. त्याचीसुद्धा!"

आईचा हट्ट एसेनबेकला ठाऊक होता. बुरुलचानं पदर खोचावा तशी डोक्यावरच्या रुमालाची गाठ घट्ट केली आणि कामाला लागली. डॉक्टरला परत बोलावलं. तो म्हणाला, खरूज नाही, कान स्वच्छ आहेत. सून उलजान म्हणाली, "आपा, औषधानं पोळलं असेल."

"औषध मानेवर, खाज शेपटीशी. कसं पोळेल?"

खाणं बदललं, फरक नाही. घरात आर्चाच्या झुडपाच्या वाळल्या फांद्यांचा धूर केला, फरक नाही. गुरुवारी तिनं बारीक दातांची फणी घेतली, ओलं पांढरं फडकं पसरलं आणि तार्गिलला विंचरलं. फडक्यावर काळे कण पडले. बघता बघता त्यांच्याभोवती लाल डाग पसरले.

"हा मळ नव्हे. रक्त प्यायलेल्या पिसवांची घाण आहे ही."

"म्हणजे औषधच खोटं!" एसेनबेक म्हणाला.

"डोळे फुटले का तुझे? मेलेल्या पिसवापण पडल्यात ना! औषध मारतंय. पण रोज नव्या येतायत. कुठून येतायत, ते सांग."

मला ठाऊक होतं, मित्रांनो! माझ्या शिवणीत, माझ्या पाठीखाली त्यांची अंडी होती, अळ्या होत्या, कोष होते. तार्गिल येऊन पहुडला की त्याच्या उबेनं कोष फुटायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी होणार होती, आणि चोरांना आसरा मी दिला होता. ओरडून सांगावंसं वाटे. पण नमद्याला कुठलं तोंड? लाजेनं मी नुसता पडून राहिलो.

शनिवारी सकाळी उलजान कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आपा, मामंजी मेंढरं औषधात बुडवून काढायचे, ती परत त्याच वाड्यात घालायचे का हो?"

"वेडी का खुळी? नव्या कुरणात नेतात. जुन्या वाड्यात गोचिडी टपलेल्याच असतात, त्या पुन्हा..."

बुरुलचा थांबली. तिनं तार्गिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. येऊन माझी चुलीजवळची कड उलटली. खाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"कालपासून," उलजान पुटपुटली. "बाळाला तिथे बसवलं की पाय लाल होतात. पण जागा मामंजींची. मी कशी बोलणार?"

बुरुलचा त्या कडेशी बसली आणि हमसून हमसून रडली. तीन वर्षांत ती अशी रडली नव्हती. मग डोळे पुसून माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "उठा हो जरा. मला झाडायचंय."

बाहेर कोरडा बर्फ होता. तिनं मला फरफटत नेलं, पालथा घातला आणि काठी उगारली. काय बडवलं, बाई गं! हात दुखले तेव्हा एसेनबेकनं काठी घेतली. बर्फावर काळं पीठ सांडल्यासारखी घाण पडली. मला कडाक्याच्या थंडीत आठवडाभर बाहेर ठेवलं, घरातली जमीन उकळत्या पाण्यानं धुतली. रविवारी एसेनबेक एकटाच बाजाराला गेला. येताना मासा आणला आणि तार्गिलपुढे ठेवून म्हणाला, "चुकलो बाबा."

खाज एका दिवसात गेली नाही. पण महिन्याभरात तार्गिलचे केस आले, बाळाचे पाय स्वच्छ झाले. आणि चुलीजवळच्या कडेवर आता बुरुलचा स्वतः बसते, नातवाला घेऊन.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. ज्या वस्तूवर तुमचा जीव आहे, तिला हात लावायला भिऊ नका. ती झटका, उन्हात टाका, फाटली तर शिवा. तीन वर्षं मला कुणी झटकलं नाही, त्यापायी एक मुकं जनावर घराला मुकणार होतं. आणि सगळे त्या न झटकण्याला माया म्हणत होते.