ठणठणीत

शेकायच्या रबरी पिशवीचं बूच पुन्हा ढिलं झालं होतं, आणि कोमट पाण्याची एक धार पोटावरून कमरेकडे ओघळत निघाली... शरयूनं ती पुसली नाही. उठायचं म्हणजे आतली कळ पुन्हा जागी करायची. खाली तिचा नवरा राजीव गाडीवरचा बर्फ खरवडत होता. जाताना "पडून राहा गं" म्हणाला होता, आणि त्या मायेच्या शब्दांनीही तिला चोरट्यासारखं झालं — पडून राहायचे पैसे सरकारकडे मागणारी बाई!

गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर भलतीकडेच वाढतं, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. दोन ऑपरेशनं झाली, लॅबमधली नोकरी सुटली. तरी डिसॅबिलिटीच्या सरकारी भत्त्यासाठी अर्ज टाकल्यापासून मनातली आई कानाशी बोलतच होती — बायकांची दुखणी अंगावर काढायची असतात. आईनं जन्मभर काढली, आणि तिची ही शिकलेली लेक...

फोन वाजला. शैलाकाकू — अमेरिकेतल्या या ॲन आर्बर गावातल्या झाडून सगळ्या मराठी घरांच्या काकू. अर्जावर 'तुम्हाला ओळखणारी व्यक्ती' म्हणून शरयूनं त्यांचंच नाव दिलं होतं. न विचारता, कारण विचारायचं म्हणजे काय होतंय ते सांगावं लागणार.

"अगं, कुठल्याशा ऑफिसातून बाईचा कॉल आला होता. तुझी चौकशी करत होती. मी काय कच्ची आहे होय? म्हटलं, शी इज व्हेरी हेल्दी! गणपतीला एकटीनं शंभर मोदक केले म्हणून सांगितलं. पाठ धरते कधीमधी, बाकी तब्येत ठणठणीत! जॉबसाठीच होतं ना?"

स्थळाकडून चौकशी आली की आपल्या मुलीचं उणं काढायचं नसतं. काकू रीतीला जागल्या होत्या.

ठणठणीत... क्षणभर शरयूला तो शब्द इतका गोड लागला की त्याचीच शरम वाटली. आता अर्ज फेटाळलाच जाणार. राग यायला हवा होता, पण कुणाचा? मोदकांनंतर चार दिवस ती गुडघे पोटाशी घेऊन बाथरूमच्या फरशीवर पडली होती, हे काकूंना सांगितलं होतं कुणी? 'पाठ' हा शब्द तिचाच, चारचौघांत चालणारा, सोवळा. आपण सरकारला फसवतोय म्हणून ती इतके दिवस झुरत होती. तिथं तर एक अक्षर खोटं नव्हतं. फसवलं होतं या म्हातारीला, जिनं दर भारतवारीहून तिच्या पाठीसाठी नारायण तेल आणलं होतं. बाटल्या कपाटात तशाच होत्या, सील न फोडलेल्या.

"बोल की गं. चुकलं का माझं काही?"

"काकू... माझी पाठ कधीच दुखत नव्हती."

"मग?"

मग — इंग्रजीत त्या दुखण्याला एक लांबलचक नाव होतं. मराठीत आईचं नुसतं 'तसलं काहीतरी', तेही दार लोटून घेऊन म्हणायचं. पिशवी गार पडली होती. शरयूनं ते सांगायला तोंड उघडलं, आणि आत्ता आपल्याला लाजेपेक्षा दुखणंच जास्त जाणवतंय, याचं तिला नवल वाटलं.